बिबट्या आला तर पंचनामा, कडबाकुट्टीत हात गेला तर?

माझ्या मामाच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. बाकीची दोन कडबाकुट्टीत गेली. मी तेव्हा आठवीत होते. दवाखान्यात नेताना गाडीतच ठरलं, डॉक्टरांनी विचारलं तर 'पडला' म्हणायचं. कारण मशीन भावकीतल्यांच्या गोठ्यात होतं आणि मामा त्यांच्याकडे रोजंदारीवर जायचा. त्यांनी काही वाईट वागवलं नाही बरं का. टाके, औषधं, महिनाभराचा किराणा, सगळं केलं. पण केसपेपरवर लिहिलं गेलं, 'पडल्याने इजा'. पडून दोन बोटं कशी तुटतात, हे लिहिणाऱ्यानेही विचारलं नाही.

मासकॉमला आल्यावर 'वर्कप्लेस अ‍ॅक्सिडेंट' या विषयावर असाइनमेंट मिळाली, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चाकण आलं. हेल्मेट, पिवळे पट्टे, 'सुरक्षा प्रथम'ची पाटी. मामाचा हात मला आठवलाच नाही. जुन्नर-आंबेगावातल्या बहुतेकांचं वर्कप्लेस म्हणजे वावर, उसाचा फड, गोठा, विहीर, नाहीतर टोमॅटोच्या क्रेटने भरलेला पिकअप. तिथे माणूस कामावर मेला तर त्याची चौकशी कोण करतं? याचं उत्तर, तो कशाने मेला यावर ठरतं. विचित्र वाटेल, पण तसंच आहे.

बिबट्याने मारलं तर यंत्रणा हलते. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर असे चार तालुके येतात. वनखात्याची माणसं येतात, पंचनामा होतो आणि 2023 पासून वारसांना 25 लाखांची मदत ठरलेली आहे. हे फुकट मिळालेलं नाही. त्यामागे वीस-पंचवीस वर्षांचा संताप आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूरच्या पिंपरखेडमधल्या मृत्यूंनंतर लोक पुणे-नाशिक महामार्गावर उतरले होते, ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय.

मोटार चालू करताना शॉक लागून गेला तर विद्युत निरीक्षक असतो. वीज कायद्याच्या कलम 161 खाली अपघाताची चौकशी होऊ शकते आणि वीज कंपनीने प्राणघातक अपघात कळल्यापासून 24 तासांत निरीक्षकाला कळवायचं असतं. चूक कंपनीच्या तारेची की शेतातल्या वायरिंगची, हे सांगणारा एक तिसरा माणूस तिथे आहे. कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. जून 2021 मध्ये मुळशीच्या उरवड्यात रासायनिक कंपनीला आग लागून पंधराहून जास्त कामगार गेले, बहुतेक बायका. तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी प्रांतांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समितीही नेमली.

आता ट्रॅक्टर उलटला, रोटाव्हेटरमध्ये पाय गेला, मळणी यंत्रात ओढणी अडकली, फवारणी करताना विषबाधा झाली, विहीर खोदताना यारीचा दोर तुटला. इथे कोण येतं? पोलीस. फक्त पोलीस. आणि नोंद होते 'अकस्मात मृत्यू', म्हणजे ठाण्याच्या भाषेत एडी.

हे एडी प्रकरण नीट समजून घेऊ, कारण सगळी गोम इथेच आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174 होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194 आलं. पोलीस दोन पंच घेऊन पंचनामा करतात, शवविच्छेदन होतं आणि मृत्यूचं वरवर दिसणारं कारण लिहिलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच सांगितलंय की या चौकशीचा हेतू तेवढाच मर्यादित आहे. म्हणजे 'विहिरीत दगड पडून डोक्याला मार' एवढं लिहिलं की काम झालं. दोर किती जुना होता, खाली माणूस असताना वर कोण होतं, खोदाईचा ठेका कोणाचा, मजुराला रोज किती मिळायचा, हे लिहायला रकानाच नाही. घातपाताचा संशय नसेल तर फाइल बंद. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, पण त्यासाठी कुणीतरी तक्रार लावून धरायला हवी. आणि गावात तक्रार कोण लावून धरणार? उद्या त्याच वावरात कामाला जायचं असतं.

ऑगस्ट 2023 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, इंदापूरच्या म्हसोबाचीवाडीत विहिरीच्या रिंगचं काम चालू असताना माती ढासळली आणि चार मजूर गाडले गेले. एनडीआरएफ आलं, चॅनेल आले. एकावेळी चार गेले म्हणून आपल्याला ते कळलं. एकेक जाणाऱ्यांची बातमी आत कुठेतरी चार ओळींची असते. इंटर्न म्हणून त्या चार ओळी मीच टाइप करते. 'पुढील तपास पोलीस करत आहेत' हे शेवटचं वाक्य तर आता हात आपोआप लिहितो.

पैशांचं बघू. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला दोन लाख मिळतात. आधी विमा कंपन्या यात होत्या आणि कागदांवरून वारसांना खूप पळवायच्या. 2023 पासून अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातो, निर्णय तहसीलदारांची समिती घेते. ही सुधारणा चांगलीच आहे. पण लागतो सातबारा. खातेदार किंवा त्याच्या घरातली एक व्यक्ती, एवढ्यांनाच लाभ. घोडेगावच्या पश्चिमेकडून पट्ट्यात मजुरीला येणारी भूमिहीन बाई यात कुठेच नाही. एकाच ट्रॉलीखाली मालक आणि मजूर दोघं सापडले तर मालकाच्या घरी दोन लाख आणि मजुराच्या घरी शून्य.

मजुरासाठी कायदा नाही असं मात्र नाही. 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा (आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलेला) यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या शेतीकामाला लागू आहे, ट्रॅक्टरसकट. त्याचं गणित असं: महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा ठरलेला आकडा. महिना 15,000 धरले आणि माणूस तीस वर्षांचा असला, तर 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15 लाख 60 हजारांच्या आसपास. बायांची मजुरी कमी असते, त्यामुळे याच सूत्राने त्यांच्या जिवाची किंमतही कमी निघते. तो राग वेगळ्या लेखाचा.

पण हे 15 लाख द्यायचे कोणी? मालकाने. मालक म्हणजे कोण, तर दीड एकर कांदा आणि सोसायटीचं कर्ज असलेला माणूस. त्याच्याकडे विमा नाही. म्हणून दशक्रियेच्या आधीच चार जाणती माणसं बसतात, काहीतरी आकडा ठरतो आणि 'मिटवलं' जातं. मला या माणसांना खलनायक ठरवायचं नाही. मामाच्या वेळी आमच्याच घरातली माणसं तशी बसली होती. वाटाघाट करणाऱ्यांना कायदा किती देतो हे माहीतच नसेल, तर मजुराच्या बायकोला कमी मिळणार हे मात्र नक्की. आणि चौकशीच झाली नाही तर पुढच्या वर्षी तीच यारी, तोच दोर शेजारच्या गावात.

आमचं म्हणणं अगदी छोटं आहे. नव्या कलम 194 नुसार पोलिसांना हा अहवाल 24 तासांत जिल्हाधिकारी किंवा प्रांतांकडे पाठवावा लागतो. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांचं प्रांत कार्यालय एकच, मंचरला. म्हणजे जुन्नर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव, सगळ्या ठाण्यांचे कागद शेवटी एकाच टेबलावर यायला हवेत. प्रांतांनी त्यावर तीन प्रश्न वाढवावेत: मृत व्यक्ती कामावर होती का, काम कोणाचं होतं, यंत्र कोणतं होतं. दर तीन महिन्यांनी त्याची बेरीज तहसील कार्यालयाच्या फळ्यावर लावावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. एखाद्या यंत्राने वर्षात पाच जीव घेतले हे फळ्यावर दिसलं, तर कृषी विभागाला त्या यंत्राकडे बघावंच लागेल. अनुदान वाटताना त्याच्या गार्डबद्दल विचारावंच लागेल.

मेले नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न राहतोच. तुटलेल्या बोटांची एडी होत नाही. तिथे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी 'पडल्याने' लिहिण्याआधी एकदा विचारायला हवं, कशावरून पडला? मामाला हा लेख वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "लिही, पण भावकीचं नाव नको." नाही लिहिलं.

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. आमच्या वर्गातल्या चौघांनी मंचरच्या प्रांत कार्यालयासाठी अर्ज तयार केलाय: गेल्या दोन वर्षांत दोन्ही तालुक्यांतून किती अकस्मात मृत्यूंचे अहवाल आले, त्यातले किती शेतात, गोठ्यात किंवा विहिरीवर काम करताना झाले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'माहिती संकलित नाही' असं येईल, अशी वर्गात पैज लागलीये. तुमच्या तालुक्यासाठी असाच अर्ज करायचा असेल तर मजकूर आमच्याकडून घेऊन जा, तालुक्याचं नाव तेवढं बदला.