ऑक्सिजन प्रकल्प उभे राहिले. ते चालवणार कोण?

२०२१च्या एप्रिलमध्ये नातेवाईक सिलिंडरसाठी रात्र-रात्र रांगेत उभे होते आणि विशाखापट्टणमहून द्रवरूप ऑक्सिजनचे टँकर रेल्वेने महाराष्ट्रात आणावे लागले होते. त्यानंतर पैसा आला, यंत्रेही आली. पीएम केअर्स निधीतून देशभर हवेतून ऑक्सिजन तयार करणारे बाराशेहून अधिक प्रकल्प उभे राहिले. राज्य सरकार, जिल्हा नियोजन समित्या आणि उद्योगांचा सामाजिक निधी यांतून झालेले प्रकल्प वेगळेच. आज त्यांतले अनेक प्रकल्प बंद आहेत, काही फक्त तपासणीच्या दिवशी सुरू होतात. शेडला कुलूप आणि शेजारी सिलिंडर उतरवणारी गाडी, हे दृश्य सरकारी रुग्णालयांत आता कोणालाही खटकत नाही. ते खटकायला हवे.

ऑक्सिजन हे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचे नाव आहे. न्यूमोनिया झालेले मूल, जन्मतः न रडलेले बाळ, प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झालेली माता, सर्पदंशाने श्वास मंदावलेला शेतमजूर, दम्याचा रुग्ण, भूल दिलेला प्रत्येक जण, अशा साऱ्यांना ते लागते. करोना नसतानाही ते रोज लागत होते आणि आजही लागते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’च्या आयोगाने २०२५ मध्ये सांगितले की, जगातील सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित, दर्जेदार आणि परवडणारा वैद्यकीय ऑक्सिजन मिळत नाही. यातले बहुसंख्य लोक आपल्यासारख्या देशांतले आहेत.

इतर औषधांपेक्षा याचे एक वेगळेपण आहे. गोळी कपाटात ठेवता येते. ऑक्सिजनच्या पाठीशी सतत यंत्रणा लागते. रुग्णालयात तो तीन वाटांनी येतो. पहिली वाट सिलिंडरची. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला १ लिटर लागणाऱ्या बाळाला तो चार दिवसांहून अधिक पुरतो, १० लिटर लागणाऱ्या प्रौढाला जेमतेम बारा तास, आणि नाकावाटे मिनिटाला ६० लिटर देणाऱ्या यंत्रावर दोन तासही नाही. दुसरी वाट द्रवरूप ऑक्सिजनची. उणे १८३ अंश सेल्सिअसला द्रव होणारा हा ऑक्सिजन टाकीत साठवतात. एक लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो, म्हणून मोठ्या रुग्णालयांना तो सोयीचा आणि स्वस्त पडतो. तिसरी वाट या प्रकल्पांची. त्यात कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती कोरडी करून झिओलाइटच्या खड्यांतून सोडतात. खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे जातो. उपचारासाठी एवढी शुद्धता पुरते. मिनिटाला ५०० लिटरचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला शंभर मोठ्या सिलिंडरइतका ऑक्सिजन देतो.

पण हेच झिओलाइट ओलाव्याने आणि तेलाच्या अंशाने खराब होते. गाळण्या वेळेवर बदलल्या नाहीत, हवा कोरडी करणारे यंत्र बिघडले किंवा प्रकल्प महिनोन् महिने बंद राहिला, तर शुद्धता घसरत जाते. यातली धोक्याची गोष्ट अशी की, खाटेजवळच्या मीटरवर ‘५ लिटर’ हा आकडा तसाच दिसत राहतो. नळीतून येणारा वायू ९३ टक्के ऑक्सिजन आहे की ७०, हे तो मीटर सांगत नाही. ते शुद्धतामापकावरच कळते, आणि त्याचा सेन्सर ठरावीक काळाने तपासावा आणि बदलावा लागतो.

आपल्याकडच्या मोठ्या दुर्घटना आठवून पाहा. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, वाहिनीतला दाब घसरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. ऑक्सिजन आवारात पोहोचला होता. खाटेपर्यंत पोहोचला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये गोरखपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुरवठादाराची देयके थकली होती आणि पुरवठा खंडित झाला. त्या दिवसांत तिथे अनेक बालके दगावली. मृत्यूंच्या कारणावर वाद झाला, पण थकबाकीवर नाही. एकीकडे टाकी आणि वाहिनी, दुसरीकडे न चुकवलेले बिल. दोन्ही ठिकाणी आणखी एक प्रकल्प उभारल्याने प्रश्न सुटला नसता.

मग प्रकल्प बंद का पडतात? यंत्र खरेदीला एकरकमी निधी मिळतो, उद्घाटन होते, कोनशिला बसते. पुढची देखभाल मात्र कोणाच्याच शीर्षात नीट बसत नाही. हमीची मुदत संपते, देखभाल करार होत नाही, सुटा भाग येत नाही. प्रकल्प चालवला की विजेचे बिल वाढते आणि ते रुग्णालयाच्या माथी येते. सिलिंडरचे पैसे दुसऱ्या शीर्षातून जातात. साहजिकच सिलिंडर मागवणे अधीक्षकाला सोपे वाटते. प्रकल्प चालवायला प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा, पण ते पद नसते. मग कक्षसेवकाला किंवा वीजतंत्रीला दोन दिवस शिकवून काम भागवले जाते, आणि त्याची बदली झाली की शिक्षणही त्याच्याबरोबर जाते.

प्रत्येक प्रकल्प चालवलाच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. महामार्गावरच्या, मोठ्या टाकीच्या रुग्णालयाला द्रवरूप ऑक्सिजन परवडतो. तिथे प्रकल्प राखीव म्हणून पुरे, मात्र तो ठरलेल्या वेळी चालवून पाहायला हवा. दुर्गम भागाचा हिशेब वेगळा आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिथे सिलिंडरची गाडी कुठून पोहोचणार? नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्याने तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या काळात दुसऱ्या लाटेआधीच स्वतःचे प्रकल्प उभारले आणि रुग्णांना दिला जाणारा ऑक्सिजन तपासायला परिचारिका नेमल्या. तिथे यंत्राबरोबर माणसाचाही विचार झाला होता.

माणूस लागतो तो मात्रेसाठीही. या औषधाची मात्रा चुकली की अपाय होतो. अकाली जन्मलेल्या बाळाला जास्त ऑक्सिजन दिल्यास डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊन दृष्टी जाऊ शकते. दीर्घकाळच्या दम्यात फुप्फुसे झिजलेल्या काही रुग्णांत अतिरिक्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर प्रत्येक वॉर्डात, प्राथमिक आरोग्य केंद्रातही, चालू स्थितीत हवे. गरज नसताना उघडी राहिलेली तोटी बंद करणे, हाही पुरवठ्याचाच भाग आहे.

करायच्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. ऑक्सिजनसाठी वेगळे अंदाजपत्रकीय शीर्ष असावे आणि वीज, देखभाल, सुटे भाग व पुरवठादाराची देयके त्यातूनच भागवावीत. देखभाल करारात यंत्र किती तास बंद राहिले यावर दंड असावा. जिल्ह्याला किमान एक वैद्यकीय उपकरण अभियंता आणि प्रत्येक प्रकल्पाला प्रशिक्षित चालक असावा. शुद्धता आणि दाब प्रत्येक पाळीत नोंदवहीत लिहावेत आणि त्यावर जबाबदार व्यक्तीची सही असावी. वर्षातून दोनदा मुख्य पुरवठा बंद करून राखीव व्यवस्था किती वेळात सुरू होते, हे रुग्णांना धोका न पोहोचवता तपासावे.

यात वाचकांनाही काम आहे. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या असतात आणि त्यांत लोकप्रतिनिधी बसतात. आपल्या तालुक्यातल्या सदस्याला तीन प्रश्न विचारा: प्रकल्प शेवटचा कधी चालला, त्या दिवशी शुद्धता किती होती आणि पुरवठादाराचे किती महिन्यांचे पैसे थकले आहेत? उत्तर नोंदवहीतून मिळाले तर व्यवस्था जागी आहे. ‘बघून सांगतो’ असे उत्तर आले, तर पुढच्या बैठकीत हाच विषय पहिला घ्यायला लावा.