‘मुख्य प्रवाह’ म्हणजे कोणती नदी?

मराठी समीक्षेला ‘मुख्य प्रवाह’ हा शब्द फार प्रिय आहे. आखाडा बाळापुरात बसून तो वाचताना आम्हांस प्रश्न पडतो, ही नदी कोणती? आमची कयाधू एकाच दिशेने वाहते, हे खरे. पण दाभोळजवळ वाशिष्ठीच्या रुंद पात्रात पहाटे एकट्याने कयाक वल्हवणाऱ्यास विचारावे. तिथे दिवसातून दोनदा भरती येते, पाणी मुखाकडून उलटे चढते. प्रवाहाची दिशा घटकेवर ठरते. साहित्याचेही तसेच. कयाधूकाठच्या नरसीशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात पोचली, ती कोणत्या ‘उपप्रवाहा’तून? काठावर बसून प्रवाहांची प्रतवारी लावणाऱ्यांनी एकदा तरी वल्हे हाती घ्यावे.