नऊशे युरोंचे कारुण्य

सप्टेंबर २०२३ मध्ये सुमित नागल या टेनिसपटूने एका वृत्तसंस्थेला सांगितले की, आपल्या बँक खात्यात आता नऊशे युरोंच्या आसपास, म्हणजे सुमारे ऐंशी हजार रुपये, उरले आहेत. तेव्हा तो एकेरीतला भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. हा आकडा सर्व वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी यथेच्छ मिरवला. चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, नागलने मेलबर्नला अलेक्झांडर बुब्लिक या एकतिसाव्या मानांकित खेळाडूला सरळ तीन सेटमध्ये हरवले. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा याआधीचा भारतीय १९८९ मधला रमेश कृष्णन! मग त्याच लेखण्यांनी तोच नऊशेचा आकडा आरंभी ठेवून विजयगाथा रचली. करुणरस आटोपला, वीररसाला सुरुवात झाली. मधल्या काळात त्या व्यवसायाच्या अर्थकारणात काय बदलले होते, हे विचारावे असे फारसे कोणाला वाटले नाही.

आम्ही तिघेही मराठी शिकवतो. टेनिसचे जाणकार नव्हे. आमच्यापैकी एकाला बालेवाडीला जाऊन सामने पाहण्याचे वेड आहे, तेवढीच आमची अर्हता. परंतु माणसाच्या आयुष्याची गोष्ट कशी सांगितली जाते, हा आमच्या विषयाचा भाग आहे आणि या गोष्टीत लबाडी आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात नागलची सुरुवातीची वर्षे नीट पाहावीत. हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यातला हा मुलगा, जन्म १९९७ चा. महेश भूपतीच्या योजनेतून लहानपणीच निवडला गेला. २०१५ मध्ये व्हिएतनामच्या जोडीदारासह त्याने विम्बल्डनमध्ये कुमारांच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले. गाथाकारांच्या हिशेबाने यानंतर आलेख चढता हवा. प्रत्यक्षात तो कसा आहे? २०१७ च्या अखेरीस बंगळुरूला पहिले चॅलेंजर विजेतेपद आणि लगेच पुढच्याच वर्षी घसरण. २०१९ मध्ये न्यूयॉर्कला पात्रता फेरी पार करून थेट फेडररसमोर, आणि पहिला सेट ६-४ असा नागलचा! २०२० मध्ये तिथेच मुख्य फेरीतला पहिला विजय. २०२१ च्या शेवटी कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया आणि क्रमवारीत पाचशेच्याही खाली. २०२३ च्या आरंभी सोमदेव देववर्मनसारख्या मित्रांनी हात दिला म्हणून जर्मनीतला सराव पुन्हा सुरू झाला. हा आलेख चढत नाही, उतरतही नाही. तो वर-खाली होत राहतो. यात 'संघर्षातून यशाकडे' असे काही नाही. हे नोकरीसारखे, शेतीसारखे आहे. एखादे वर्ष पिकते, एखादे जाते.

फेडररशी खेळला तेव्हा नागलचा क्रमांक १९० होता. आपल्याकडे हा आकडा किंचित संकोचाने, 'केवळ' हे विशेषण लावून सांगितला जातो. जगातल्या कोणत्या धंद्यात पृथ्वीवरच्या एकशे नव्वदाव्या माणसाला आपण 'केवळ' म्हणतो? मराठीच्या प्राध्यापकांची जागतिक क्रमवारी कोणी लावली (आणि तीत परदेशी स्पर्धा फारशी नाही) तरी पहिल्या दोनशेत आपण असू, असे छातीठोकपणे सांगण्याची आमची तयारी नाही. असो.

आता थोडे आकडे. ते सोसून घ्यावेत. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ सालच्या आकडेवारीवर एक पाहणी केली होती. त्या वर्षी व्यावसायिक स्पर्धांत उतरलेल्या सुमारे चौदा हजार खेळाडूंपैकी पंचेचाळीस टक्के लोकांनी बक्षिसापोटी एक छदामही मिळवला नाही. पुरुष खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च ३८,८०० डॉलर निघाला, तोही प्रशिक्षकाचा खर्च न धरता. जमा आणि खर्च जेमतेम बरोबरीत येतात ते पुरुषांत ३३६ व्या क्रमांकाला आणि स्त्रियांत २५३ व्या. बक्षिसाच्या एकूण रकमेचा साठ टक्के वाटा पुरुषांतल्या वरच्या पन्नास जणांकडे गेला. नागलचा २०२३ चा हिशेबही याच जातीचा आहे. चोवीस स्पर्धा, कमाई सुमारे ६५ लाख. आणि फक्त एक प्रशिक्षक बरोबर घेऊन फिरण्याचा वर्षाचा खर्च, त्याच्याच सांगण्यानुसार, ८० लाख ते १ कोटी. पुढे मेलबर्नला पात्रता फेरीचे तीन सामने आणि बुब्लिकवरचा एक विजय, एवढ्यावर त्याला १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे साधारण ९८ लाख रुपये मिळाले. आदल्या वर्षीच्या चोवीस स्पर्धांहून एका स्पर्धेचे मोल अधिक! ज्या व्यवस्थेत हे घडते तिला गुणवत्तेची कदर म्हणायचे की सोडत, हे वाचकांनीच ठरवावे.

यावर एक ठरलेले उत्तर येते, आणि ते आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडूनही ऐकू येते. सर, लोक फेडररला पाहायला पैसे देतात, तीनशेव्या क्रमांकाला नाही; बाजाराचा नियमच आहे तो. बाजाराचा नियम आम्हालाही कळतो. पण या खालच्या सामन्यांना गिऱ्हाईक नाही, हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. गिऱ्हाईक आहे, ते प्रेक्षागृहात बसत नाही एवढेच. या छोट्या स्पर्धांतल्या गुणागुणाची थेट आकडेवारी महासंघाने विकली आणि ती जगभरच्या सट्टेबाजारात गेली. टेनिसमधल्या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या स्वतंत्र मंडळाने २०१८ मध्ये ही विक्री खालच्या स्तरावर थांबवा, असे सुचवले. कारण पोट भरत नाही असे हजारो खेळाडू आणि त्यांच्या प्रत्येक गुणावर लागणारा पैसा यांची गाठ पडली की जे व्हायचे तेच होत होते. म्हणजे ज्याचा सामना विकाऊ, त्याची मजुरी मात्र बाजारात नाही!

आणि गाथा तरी सगळ्यांच्या वाट्याला कुठे येते? अंकिता रैना अहमदाबादहून किशोरवयात पुण्यात आली, पीवायसी जिमखान्यावर हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली घडली. २००९ पासून व्यावसायिक स्पर्धा खेळू लागली आणि एकेरीच्या पहिल्या दोनशेत पोहोचली ती २०१८ मध्ये. नऊ वर्षे! त्या नऊ वर्षांत ती कोणकोणत्या गावी, कोणाच्या भरवशावर, किती रुपयांसाठी खेळली, हे मराठी वाचकाला कोणी सविस्तर सांगितले असल्यास आमच्या वाचनात नाही. त्याच २०१८ मध्ये तिने आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले आणि मग छायाचित्रे छापून आली. पुढे २०२० मध्ये ती १६० व्या क्रमांकापर्यंत गेली. तिच्याजवळ नऊशे युरोंसारखा टाळीचा आकडा नव्हता, शेवटी मेलबर्नही नव्हते. गाथेच्या साच्यात न बसणाऱ्या माणसाचे चरित्रच नसते, असा आमच्या क्रीडालेखनाचा अलिखित नियम दिसतो.

पुरुषांच्या संघटनेने २०२४ पासून पहिल्या अडीचशे खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना सुरू केली. त्या वर्षी पहिल्या शंभरांना तीन लाख डॉलर होते, १७६ ते २५० मधल्यांना पंचाहत्तर हजार. २५१ व्याला काही नव्हते. तरीही हा हिशेब आहे, हळहळ नव्हे, म्हणून आम्हाला तो कितीतरी बरा वाटतो.

आमच्या रागाचे खरे कारण मात्र त्याच वर्षीच्या सप्टेंबरातले आहे. डेव्हिस चषकात खेळण्यासाठी नागलने वर्षाला ५० हजार डॉलर मागितल्याचे अखिल भारतीय टेनिस संघटनेने जाहीररीत्या सांगितले. खेळाडूला मोबदला देणे ही सर्वत्र रूढ पद्धत आहे, असे उत्तर नागलने दिले. पण नऊशे युरोंवर डोळे पुसणाऱ्या कित्येकांनी त्याला पैशाचा लोभी ठरवून टाकले होते. गरीब होता तोवर तो आपला होता. दर सांगितला तेव्हा देशद्रोहाच्या गोष्टी निघाल्या.

हे आम्हाला अपरिचित नाही. आमच्यापैकी एकाने नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले आहे. शिक्षकदिनी त्यालाही गुलाबाचे फूल मिळत असे आणि भाषणात 'ज्ञानदान' हा शब्द हमखास येई. थकलेल्या तासांचे पैसे मागायला तो कार्यालयात गेला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की, हे पवित्र कार्य आहे, यात पैशाची भाषा शोभत नाही. दान देणाऱ्याने दर सांगू नये, सेवा करणाऱ्याने बिल पाठवू नये. ज्ञानदान आणि देशसेवा हे दोन्ही शब्द मजुरी बुडवण्याच्या कामी किती उपयोगी पडतात!

५० हजार डॉलर ही रक्कम रास्त होती की अवाजवी, यावर खुशाल वाद व्हावा. त्यासाठी लढतीच्या आठवड्यात खेळाडूची बुडणारी स्पर्धा, दुखापतीची जोखीम आणि संघटनेला मिळणारे पैसे कागदावर मांडावे लागले असते. त्या आठवड्यात आम्ही चार मराठी आणि दोन इंग्रजी वर्तमानपत्रे रोज चाळली. तो कागद कोणी मांडला नव्हता.