स्टिरिओ बदला, पण वायर कापू देऊ नका!

नवी गाडी घेतली की शोरूमवाला कानात मंत्र फुंकतो, "साहेब, बाहेरून म्युझिक सिस्टिम लावू नका, वॉरंटी जाईल." आणि ऑफिसात कुणाला कोडची एक ओळ परस्पर बदलू न देणारे आपण मुकाट मान डोलावतो!

अहो, खरा धोका वायर कापण्यात आहे. कापलेल्या जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळली, की उन्हात गोंद सुटतो, टोकं उघडी पडतात, शॉर्ट होतो. मग क्लेम नाकारायला कंपनीला आयतं निमित्त मिळतं.

यावर उपाय जुनाच आहे. डॅशबोर्डमधल्या १८० बाय ५० मिलिमीटरच्या खाचेसाठी आयएसओ ७७३६ आहे, मागच्या प्लगसाठी आयएसओ १०४८७. गाडीचा प्लग निराळा असेल तर कपलर मिळतो: एका टोकाला गाडी, दुसऱ्या टोकाला नवा स्टिरिओ. एकही वायर कापायची नाही. उद्या गाडी विकताना जुना सेट पुन्हा जागेवर!

मग दुकानदार कापतो कशाला? कपलरचे पैसे वाचतात आणि आपण विचारत नाही म्हणून. हां, एसी नि कॅमेरा ज्या स्क्रीनवरून चालतात, ती मात्र काढायच्या भानगडीत पडू नका.

बाकी सगळीकडे एकच सांगायचं: आधी कपलर दाखव, मगच पान्याला हात लाव.