जाहीर इशारा : जखमी रंगरुटांकडून ‘स्वेच्छेचा’ अर्ज लिहून घेणाऱ्यांना, आणि तो लिहून देणाऱ्यांनाही

फौजेच्या ट्रेनिंग सेंटरमधून पाय मोडून घरी परतलेला मुलगा, त्याचे आईवडील, त्याला भरतीला धाडणारी अकॅडमी आणि त्याच्यापुढे कागद सरकवणारे कंपनी ऑफिस, या सगळ्यांसाठी हे लिहिले आहे. कंपनी ऑफिसने शेवटचा भाग आधी वाचला तरी चालेल. मुलाने मात्र पहिल्या ओळीपासून वाचावे, कारण त्याच्या हातात वेळ कमी आहे.

लष्कराच्या रेकॉर्डच्या कागदांत ज्यांची सगळी नोकरी सरली अशी आम्ही काही निवृत्त माणसे आहोत. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांतून मुले आमच्याकडे येतात. प्रत्येकाचे सेंटर वेगळे, कहाणी मात्र एकच. ट्रेनिंगचे दोन-तीन महिने झाले की नडगीत कळ सुरू होते. मुलगा सिक रिपोर्ट करतो. एम.आय. रूममध्ये, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, गोळी मिळते, चार दिवस धावण्यातून सूट मिळते. एक्स-रे काढला जातो आणि तो ‘नॉर्मल’ येतो. पुढे काय होते ते फौजेतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उस्ताद त्याला सगळ्यांदेखत बहाणेबाज ठरवतो आणि पोरगा चिडून, लाजून त्याच पायावर धावतो.

इथे डॉक्टरांना ठाऊक असलेली आणि परेड ग्राउंडवर कोणी न सांगणारी एक गोष्ट सांगतो. सवय नसलेल्या हाडावर रोज मारा झाला, तर झीज भरून काढायला हाडाला उसंत मिळत नाही आणि त्याला बारीक तडा जातो. हा तडा पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एम.आर.आय. किंवा बोन स्कॅनमध्ये तो आधी सापडतो. म्हणजे ‘एक्स-रे नॉर्मल’ हा शेरा मुलगा खोटे बोलतो याचा पुरावा नाही. ज्या दिवशी तडा आरपार जातो, त्या दिवशी त्याला हॉस्पिटलात नेतात आणि मग तो रेलिगेट होऊन मागच्या बॅचमध्ये जातो. पुन्हा धावतो, पुन्हा दुखते. शेवटी एका दुपारी कंपनी ऑफिसातून बोलावणे येते. “लिख के दे, बेटा. घर में प्रॉब्लेम है, नौकरी नहीं करनी. दो दिन में घर पहुँच जाएगा. बोर्ड के चक्कर में पड़ा तो यहीं सड़ेगा.”

एकोणीस वर्षांचा, घरच्या आठवणीने कासावीस झालेला मुलगा ते लिहून देतो, आणि त्याच्या मोडलेल्या पायाची सरकारदरबारची किंमत त्या ओळीने शून्य होते.

आर्मी रूल्स १९५४ च्या नियम १३ खाली रंगरूट वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतो. मेडिकल बोर्डाने अपात्र ठरवले तर एक दार. कसम परेडआधी, म्हणजे शपथ घेण्याआधी, ‘कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही’ असा शेरा मिळाला तर दुसरे. स्वतःच्या विनंतीवरून गेला तर तिसरे. पाय तोच, दुखणे तेच. पण पहिल्या दाराने गेलेल्याला दुखापत सेवेमुळे झाली की नाही, आणि किती टक्के, याचा निर्णय लेखी मिळतो. इतर दोन दारांनी गेलेल्याच्या हातात राहते ते फक्त डिस्चार्ज बुक. अग्निपथ योजनेच्या अटींत तर लिहिलेलेच आहे की स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी सोडणे केवळ अपवादात्मक परिस्थितीतच. मग प्लास्टर काढून आलेला मुलगाच नेमका हा अपवाद कसा ठरतो, याचे उत्तर त्या अर्जावर शिफारस करणाऱ्याने तयार ठेवावे. ते आम्ही मागणार आहोत.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रेनिंगमध्ये अपंग झालेल्या कॅडेटांची दखल आपणहून घेतली. आपल्या खडकवासल्याच्या एन.डी.ए.तून आणि डेहराडूनच्या आय.एम.ए.तून बोर्ड-आउट झालेली ही मुले. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही, मिळते ते सानुग्रह अनुदान. न्यायालयाने विचारणा केल्यावर सरकारने त्यांना माजी सैनिकांसाठीच्या ई.सी.एच.एस. योजनेची वैद्यकीय सोय दिली. चांगले झाले, उशिरा झाले. पण रंगरुटाने त्या बातमीवर खूश होऊन बसू नये, ती त्याच्यासाठी नव्हती. आणि यातला विरोधाभास असा की कायद्याने रंगरुटाची बाजू कॅडेटपेक्षा भक्कम आहे. कॅडेट अधिकारी होईपर्यंत फौजेचा नसतो. रंगरूट मात्र नाव नोंदवले त्या दिवसापासून आर्मी ॲक्टखाली येतो, आणि पीटी परेडला तो जे करतो ती ड्यूटीच असते. हे सगळे तो एका सहीत गमावतो.

न्यायालयांनी त्याच्या बाजूने काय म्हटले आहे तेही ऐका. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले की भरतीच्या वेळी ज्याची नोंद नव्हती तो आजार किंवा दोष नोकरीत उद्भवला असे धरायचे. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे आणि मेडिकल बोर्डाने कारणे दिली पाहिजेत. पुढच्याच वर्षी सुखविंदर सिंग प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. अपंगत्वामुळे माणसाला नोकरीतूनच काढले असेल, तर ते अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा जास्त धरावे लागेल. तेव्हा बोर्डाच्या कागदावर ‘सेवेशी संबंध नाही, सेवेमुळे वाढलेलेही नाही’ एवढे एकच वाक्य असेल आणि कारण नसेल, तर तो निकाल शेवटचा समजून हातपाय गाळून बसू नका. त्याला आव्हान देता येते.

फक्त मुदतीत. आणि या इशाऱ्याचे मूळ इथेच आहे.

जुन्या सैनिकांच्या पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते : “फौजेची केस काय, कधीही लावता येते.” पेन्शनवाल्यांसाठी त्यात थोडे तथ्य होते. दर महिन्याला बुडणारी पेन्शन हा सतत चालू राहणारा अन्याय मानून तरसेम सिंग प्रकरणात, २००८ साली, उशिरा आलेला दावाही न्यायालयाने ऐकला. मागची थकबाकी मात्र साधारण तीन वर्षांपुरतीच दिली. २०२२ नंतर भरती झालेला अग्निवीर या आधारावर उभा नाही. त्याला महिन्याची पेन्शन नाहीच. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी त्याला एकरकमी अनुदान आहे : १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख, ५० टक्क्यांना १५ लाख रुपये. शिवाय योजनेच्या अटींप्रमाणे २० ते ४९ टक्क्यांतले अपंगत्व ५० टक्के धरले जाते. म्हणजे २० टक्के की १९, या एका आकड्यावर पंधरा लाख अवलंबून आहेत. एकरकमी पैसे एकदाच बुडतात, दर महिन्याला नव्हे. तेव्हा चुलत्याची पेन्शन दहा वर्षांनी केस लावून सुरू झाली, म्हणून पुतण्याने थांबू नये.

मुदतीचा हिशेब असा. आधी लेखी निवेदन द्यावे लागते. खात्यातले उपाय संपवल्याखेरीज सशस्त्र दल न्यायाधिकरण सहसा अर्ज दाखल करून घेत नाही. निवेदनावर अंतिम निर्णय आला, तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत न्यायाधिकरणात जायचे. उत्तरच आले नाही, तर निवेदन दिल्यापासून सहा महिने वाट पाहायची आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत जायचे. न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्याची कलमे २१ आणि २२ हेच सांगतात. जुन्या भरतीतल्यांचा अपंगत्व पेन्शनचा दावा फेटाळला गेला असेल, तर त्यावरचे पहिले अपील सहा महिन्यांत आणि दुसरेही सहा महिन्यांत. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागते. ‘साहेब, माहीत नव्हतं’ यावर आमचा तरी भरवसा नाही. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबईत खंडपीठ आहे. सेंटर जबलपूरला असो की बेंगळुरूला, डिस्चार्ज झालेला माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठाकडे जाऊ शकतो. वकील परवडत नसेल तर स्वतः उभे राहण्याची मुभा आहे, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मोफत कायदेशीर मदतीची चौकशी करता येते.

दबावाखाली सही करून आलेला असशील, तर घरी पोचलास त्याच आठवड्यात तसे लिही. कोणत्या तारखेला, कोणाच्या ऑफिसात, कोण कोण हजर असताना लिहून घेतले, सगळे लिही आणि स्पीड पोस्टाने रेकॉर्ड ऑफिसला पाठव. पोचपावती जपून ठेव. हीच गोष्ट वर्षाने सांगितलीस तर ती पश्चातबुद्धी ठरेल.

कागदांशिवाय या लढाईत कोणी तुझे ऐकणार नाही. इंजुरी रिपोर्ट, म्हणजे आय.ए.एफ.वाय. २००६, हा सगळ्यांत मोलाचा कागद. दुखापत कुठे, कशी झाली आणि त्या वेळी मुलगा ड्यूटीवर होता का, ते त्यात नोंदवलेले असते. त्याच्याबरोबर एम.आय. रूमच्या नोंदी, हॉस्पिटलच्या डिस्चार्ज स्लिपा, मेडिकल बोर्डाचा फॉर्म ए.एफ.एम.एस.एफ. १६ आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असल्यास तिचा निष्कर्ष. हे मिळत नसेल तर माहिती अधिकारात माग. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. लष्कर या कायद्यातून वगळलेले नाही, कोणी तसे सांगितले तर विश्वास ठेवू नकोस. उत्तरात ‘इंजुरी रिपोर्ट भरलेला नाही’ असे आले, तरी हताश होऊ नकोस. इतके दिवस हॉस्पिटलात असलेल्या मुलाचा इंजुरी रिपोर्ट का नाही, हा प्रश्न मग त्यांच्या अंगावर येतो.

एक कडू गोष्ट मुलांनाही. गुडघ्याचे जुने ऑपरेशन लपवून भरती झाला असशील, तर आमच्याकडे येऊ नकोस. भरतीच्या वेळी खोटे उत्तर देणे हा आर्मी ॲक्टच्या कलम ४४ खाली गुन्हा आहे, आणि अपील केलेस तर तेच कागद उघडतील. आणि एवढी लढाई जिंकलास तरी वर्दी परत मिळेल अशी आशा फार धरू नकोस. पैसे आणि डिस्चार्जचे खरे कारण, बहुतेक वेळा लढत तेवढ्यासाठीच असते. तीही छोटी नव्हे.

अकॅडमीवाल्यांनो, भरतीच्या १६०० मीटरच्या आदल्या दिवशी पोरांना वेदनाशामक इंजेक्शन टोचणे आणि ‘डॉक्टरला काही सांगू नकोस’ असे पढवणे बंद करा. दाराबाहेर निवड झालेल्यांचे फोटो लावता, त्यांतले किती जण कसम परेडपर्यंत पोचले तेही एकदा लावा. यापुढे असे इंजेक्शन घेतलेला मुलगा आमच्यासमोर आला, तर तक्रारीत ते टोचणाऱ्या डॉक्टरबरोबर तुमचेही नाव असेल. ‘केस काढून देतो, मिळेल त्यात तीस टक्के’ म्हणत सैनिकी गावांतून फिरणाऱ्या दलालांनीही ऐकावे. निकालावर अवलंबून फी ठरवणे वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. ज्याला वकिलीची सनदच नाही त्याने ती कशाच्या जोरावर ठरवली, हे आम्ही पोलीस ठाण्यात विचारू.

आता कंपनी ऑफिस.

आम्ही फौजेचे शत्रू नाही. आमच्या घरांत भिंतीवर वर्दीतले फोटो आहेत, काहींना हार घातलेला आहे. ट्रेनिंग कठोर असते आणि ते कठोरच असावे, त्यात हाडे मोडणार हेही आम्हाला मान्य आहे. मोडलेल्या हाडाचा कागद दडपणे मात्र ट्रेनिंगचा भाग नाही. म्हणून, हे छापून आल्यापासून ३० दिवस. त्या मुदतीत आपल्या सेंटरवरच्या प्रत्येक जखमी रंगरुटाचा इंजुरी रिपोर्ट भरला जावा आणि त्याची प्रत त्याला मिळावी. जो सिक लिस्टवर आहे, किंवा गेल्या सहा महिन्यांत होता, त्याच्याकडून मेडिकल बोर्डाआधी स्वतःच्या विनंतीचा अर्ज घेऊ नये. आधीच घेतलेले असे अर्ज मंजुरीविना पडून असतील तर ते परत करावेत आणि मुलाला बोर्डासमोर उभे करावे.

एकतिसाव्या दिवशी आम्ही कोणाला भेटायला येणार नाही. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक मुलाच्या वतीने माहिती अधिकाराचा अर्ज पोस्टात पडेल. त्याच्या निवेदनाची एक प्रत रेकॉर्ड ऑफिसला आणि एक सेना मुख्यालयाला जाईल. मुदत भरली की मुंबईच्या खंडपीठात अर्ज दाखल होईल, आणि त्याला मुलाचे प्रतिज्ञापत्र जोडलेले असेल. अर्ज कोणी लिहून घेतला, मजकूर कोणी सांगितला, साक्षीला कोण होते आणि शिफारशीची सही कोणाची, हे त्यात हुद्द्यासह आणि नावानिशी लिहिलेले असेल. ज्यांच्या सह्या आहेत त्यांनी आपापली उत्तरे आतापासूनच लिहायला घ्यावीत.