पाटे बसले की म्हणे ठोकून घ्या!



यावेळचा विषय जरा लोखंडाचा आहे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या आणि जन्मभर इतिहास-भूगोल शिकवलेल्या मास्तराने पिकअपच्या पाट्यांवर बोलावे का, असे आमच्याच घरातली तरुण मंडळी विचारतील. जरूर विचारा. पण गेले दोन महिने घरात हाच वाद चालू आहे आणि जेवताना मांडायला गेलो तर भाजी थंड होते. म्हणून इथे लिहितो.

पुतण्याची पिकअप आहे. निफाड तालुक्यातला कांदा, टोमॅटो, हंगामात द्राक्षे. शिवाय पहाटे मागच्या हौद्यात उभ्याने बागेवर जाणाऱ्या बायका. (मालगाडीत माणसे नेणे कायद्यात बसत नाही, हे त्याला ठाऊक आहे आणि बघणाऱ्या सगळ्यांनाही.) या गाडीचे पुढचे पाटे बसले आहेत. उजवी बाजू डावीपेक्षा चांगली दोन बोटे खाली. यावर गावातल्या लहानथोरांचा एकच सल्ला: "ठोकून घ्या." दुसरा सल्ला: "एक जादा पाटा टाका." माझे भांडण या दोन वाक्यांशी आहे.

विळ्याला पाणी देताना लोहाराला आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तापवायचे किती, बुडवायचे कधी, यात सगळी विद्या. तोच विळा चुलीत पडून लाल झाला तर त्याचे पाणी उतरते आणि मग तो गवतालाही वाकतो. पाट्याचे अगदी तसेच आहे. ते साधे लोखंड नव्हे. कारखान्यात तो पोलादी पाटा भट्टीत तापवतात, तेलात बुडवतात आणि पुन्हा ठरावीक उष्णतेवर शेकतात, तेव्हा कुठे त्याच्यात वाकून परत येण्याचा गुण येतो. रस्त्याकडेला गॅसच्या ज्योतीने तो मध्येच लाल करून घण मारला की कमान दिसायला छान येते. पण तेवढ्या भागाचे पाणी गेलेले असते. थोड्याच दिवसांत पाटा पुन्हा बसतो. आणि घाईने पाण्यात बुडवला असेल तर तो ठिसूळ होतो, म्हणजे बसत नाही, सरळ मोडतो. थंडच ठोकला तरी घणाचे ओरखडे राहतात आणि पुढची चीर बहुधा तिथूनच सुरू होते.

याचा अर्थ सगळे कमानवाले वाईट असा नाही हं. संच पूर्ण सोडवून, एकेक पाटा भट्टीत घालून, तेलात विझवून, पुन्हा शेकून देणारे कारागीर आहेत. त्यांना माझा नमस्कार. पण अर्ध्या तासात 'करून देतो' म्हणणारा हे करत नाही, एवढे कळायला इंजिनिअर व्हावे लागत नाही.

आता जादा पाटा. भंगारातून आणलेला, वेगळ्याच बाकाचा. तो बाकीच्या पाट्यांवर सपाट बसत नाही, कुठे तरी टोकावर टेकतो आणि नेमक्या त्या जागी वरच्या पाट्यावर ताण येतो. थर जाड झाला की जुने यू बोल्ट आखूड पडतात, नटाला पुरते आटे मिळत नाहीत. तरी आवळतात! मुळात गाडी उंच झाली म्हणजे ती दुरुस्त झाली, हे कुणी सांगितले? ती फक्त ताठ झाली. आणि ताठ झाली की मालक आणखी चार गोण्या टाकतो. खरा रोग हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड घातला आहे. पाट्यांना हा कायदा फार आधीपासून ठाऊक आहे, ते दंड लगेच वसूल करतात.

पुढे मिरवायला लावलेले ते लोखंडी गार्डही वजनच आहे. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात अशा गार्डांवर कारवाई करायला राज्यांना सांगितले. आमच्याकडे ते अजून मोठ्या दिमाखात आहे.

आणखी एक शहाणपण: "शॉकअप बदला." अहो, शॉकअप गाडीची उसळी आवरतो, वजन पाटे पेलतात. नवे शॉकअप घालून बसलेली गाडी उठत नाही.

"थोडी कलली तर काय बिघडले?" असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो. या गाडीला पुढे अख्खा दांडा आहे आणि स्टिअरिंगच्या पेटीपासून एक जोडदांडी चाकाकडे जाते. पाटे बसले की तिचा कोन बदलतो. मग खड्ड्यात चाक वर उचलले की ती चाकाला आपणहून थोडे वळवते, ड्रायव्हरने स्टिअरिंग सरळ धरले असले तरी. मालेगावकडे जाताना राहूडच्या घाटात उतारावर ब्रेक दाबला की वजन पुढे येते, पाट्यात जीव नसला तर दांडा रबरी ठोकळ्यावर आदळतो. त्याच वेळी चाक भलतीकडे ओढले तर? हौद्यात उभ्या बायकांना धरायला फक्त फळी असते.

तेव्हा माझे म्हणणे असे. आधी मोजा. गाडी रिकामी, सपाट जागेवर, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंना. मागचेही मोजा, कारण कधी मागचा पाटा बसतो आणि कललेली पुढची बाजू दिसते. बुश झिजलेत का, मधला बोल्ट तुटलाय का, शॅकल अडकलीय का ते बघा. पाटेच गेले असतील तर दोन्ही बाजूंचे संच एकदम बदला, एकाच बाजूचा नको. यू बोल्ट नवेच घाला, कारण एकदा ताणलेले पुन्हा तसे धरत नाहीत. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा, जॅकवर लटकलेली असताना नव्हे, नाहीतर रबर पिळून फाटते. काही दिवस गाडी चालली की यू बोल्ट पुन्हा आवळा. आमच्या मेकॅनिकला हे सांगितले तर तो हसला. हसू दे.

खर्च आहे, कबूल. पण सीझनला एका फेरीत दीड गाडीचा माल नेऊन वाचवलेले भाडे कुठे गेले, याचा हिशोब पुतण्याने अजून दिलेला नाही.

असो. सोमवारी मार्केटला गाडी जाणार नाही म्हणतो. मी सकाळी आठला टेप घेऊन अंगणात येतो. बाळा, चारही टायरची हवा आदल्या दिवशी सारखी करून ठेव आणि हौदा रिकामा असू दे.