सायटिका : विश्रांती किती, हालचाल किती?

काही दिवसांपूर्वी एक गृहस्थ आपल्या ७२ वर्षांच्या आईंना घेऊन दवाखान्यात आले. आईंच्या कमरेतून डाव्या पोटरीपर्यंत कळ उतरत होती. "डॉक्टर, तीन आठवडे आईला पलंगावरून खाली उतरू दिलेलं नाही," असे त्यांनी समाधानाने सांगितले. कळ थोडी कमी झाली होती. परंतु आईंना आता आधाराशिवाय उभे राहता येत नव्हते. मुलाच्या सेवेत काहीच उणे नव्हते. समजूत मात्र चुकली होती.

सायटिका हे मुळात आजाराचे नव्हे, लक्षणाचे नाव आहे. सायटिक हा शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू. कमरेच्या भागात उगम पावून तो नितंबातून मांडीच्या मागच्या बाजूने पायाकडे जातो. त्याच्या मुळाशी दाब आला किंवा दाह झाला, की दुखणे, मुंग्या वा बधिरपणा याच वाटेने खाली उतरतो. आपण 'शीर दबली' म्हणतो, ती शीर रक्ताची नव्हे. तरुण वयात हे बहुधा मणक्यांमधील चकती सरकल्याने होते. उतारवयात मणक्यांतील नलिका अरुंद होणे हेही महत्त्वाचे कारण असते. अशा वेळी चालताना पाय भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम वाटतो.

चकतीमुळे उद्भवलेला सायटिका बहुतेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेविना सहा ते बारा आठवड्यांत बराचसा ओसरतो. नलिका अरुंद असल्यास दुखणे रेंगाळते. तरीही योग्य व्यायामाने त्रास कमी होऊ शकतो.

तीव्र वेदनेत एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी. पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली, कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. त्यानंतर मात्र घरातल्या घरात पाच-पाच मिनिटे, दिवसातून अनेकदा चालावे. पडून राहिल्याने ज्येष्ठांच्या स्नायूंची ताकद झपाट्याने घटते. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. कारण एका रुग्णाला उपकारक ठरलेला व्यायाम दुसऱ्याला त्रासदायक ठरू शकतो. जमिनीवर बसणे, भरलेली बादली उचलणे आणि खड्ड्यांतून दुचाकीवर जाणे काही काळ टाळावे. उंच कमोडची सोय असल्यास उत्तम.

गरम शेकाने बरे वाटते. पण मधुमेहामुळे पाय बधिर असतील, तर शेकताना चटका बसलेला कळत नाही. काळजी घेणाऱ्याने शेक आधी आपल्या हातावर तपासावा. वेदनाशामक गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नयेत. त्यांतील अनेक गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि रक्तदाब वाढतो. मज्जातंतूंच्या वेदनेसाठीच्या काही गोळ्यांनी गुंगी येऊन तोल जाण्याचा धोका असतो. ट्रॅक्शन आणि कमरेचा पट्टा यांचा लाभ ठामपणे सिद्ध झालेला नाही. 'शीर मोकळी करून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती ठिसूळ झालेली हाडे सोपवू नयेत.

एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. पण काही लक्षणे दिसल्यास थांबू नये. लघवी तुंबणे, लघवी वा शौचावरील ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे किंवा दोन्ही पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही घडल्यास त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठावे. येथे काही तासांचा विलंबही कायमचे नुकसान करू शकतो. पाऊल उचलता न येणे, चालताना चप्पल निसटणे, ताप, अकारण घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, अशा वेळीही डॉक्टरांना विनाविलंब दाखवावे.

येथे काळजीवाहकांना एक विनंती. आपल्याकडील आजी-आजोबा पाय दुखतो हे सांगतात. लघवीची तक्रार संकोचाने लपवतात. सून-मुलासमोर तर हमखास लपवतात. म्हणून घरात सायटिकाचा रुग्ण असेल, तर "लघवीला नीट होतं ना? बसल्यावर जागा बधिर वाटते का?" हे दोन प्रश्न रोज, सहजपणे विचारावेत.

त्या आईंना यांपैकी कोणतेही लक्षण नव्हते. त्या आता वॉकर धरून सकाळ-संध्याकाळ अंगणापर्यंत चालतात. चिरंजीव शेजारून चालतात. हात धरण्याची गरज मात्र क्वचितच पडते.